मांजरांचे ओले खाद्य

मांजरांचे ओले खाद्य म्हणजे मांस, मासे, यकृत-हृदयादी अवयव आणि पाणी यांपासून तयार केलेले, हवाबंद डब्यात किंवा पाकिटात भरून उष्णतेने निर्जंतुक केलेले मांजरांचे तयार अन्न होय. त्यात पाण्याचे प्रमाण साधारणपणे ७५ ते ८५ टक्के असते. दाणेदार कोरड्या खाद्यात ते ६ ते १० टक्के असते.

मांजर हा प्राणी अन्नाच्या बाबतीत चोखंदळ म्हणून प्रसिद्ध आहे. हा चोखंदळपणा मुख्यत्वे त्याच्या शरीररचनेतून आणि पिल्लूपणी लागलेल्या सवयींतून येतो. त्यामुळे ओल्या खाद्याची निवड करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला, ते खाद्य आहार म्हणून परिपूर्ण आहे काय. आणि दुसरा, मांजर ते खाईल काय. मांजराला आवडणारे प्रत्येक खाद्य परिपूर्ण असत नाही, आणि परिपूर्ण असूनही वाटीतच पडून राहणारे खाद्य निरुपयोगी ठरते. अन्न नाकारणे हे आजाराचेही लक्षण असू शकते. म्हणून खोड आणि आजार यांतील फरक ओळखणे हा या विषयाचा महत्त्वाचा भाग आहे.

इतिहास

पाळीव मांजर हे आफ्रिकी रानमांजराचे वंशज होय. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. धान्याच्या कोठारांभोवती जमणाऱ्या उंदरांमुळे मांजर मानवी वस्तीजवळ आले असावे, असे मानले जाते. पुढील हजारो वर्षे मांजराचे पोट शिकारीवर आणि घरातील उरल्यासुरल्या अन्नावर भरत असे. त्याच्यासाठी वेगळे अन्न विकत आणण्याची प्रथा अलीकडची आहे.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये घोड्याच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून घरोघर विकणारे फेरीवाले असत. ते मांस मांजरांसाठी घेतले जाई. जेम्स स्प्रॅट याने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे बनवण्यास सुरुवात केली. प्राण्यांच्या तयार खाद्याच्या व्यवसायाचा आरंभ येथून धरला जातो. अमेरिकेत १९२२ साली ‘केन-एल रेशन’ हे घोड्याच्या मांसाचे डबाबंद श्वानखाद्य बाजारात आले आणि १९३० च्या दशकात मांजरांसाठीही डबे निघू लागले. दुसऱ्या महायुद्धात कथिलाच्या टंचाईमुळे प्राण्यांच्या डबाबंद खाद्यावर मर्यादा आली, तेव्हा कोरड्या खाद्याला चालना मिळाली. दाबयंत्रातून काढलेले फुगीर दाणे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाले.

युद्धोत्तर काळात ओले खाद्य पुन्हा बाजारात स्थिरावले आणि जाहिरातींनी मांजराच्या चोखंदळपणालाच विक्रीचे साधन केले. ‘नाइन लाइव्ह्ज’ या अमेरिकी खाद्याच्या जाहिरातींत ‘मॉरिस’ नावाचे नारिंगी मांजर जगातील सर्वांत नखरेल मांजर म्हणून झळकले. हे मांजर १९६८ साली शिकागोजवळील एका प्राणी आश्रयगृहातून आणलेले होते. ब्रिटनमध्ये ‘व्हिस्कस’ या खाद्याची जाहिरात दहांपैकी आठ मांजरे आपलेच खाद्य पसंत करतात असा दावा करीत असे. आक्षेप घेतला गेल्यावर हा दावा ‘पसंती व्यक्त करणाऱ्या दहांपैकी आठ मालकांच्या मते’ असा बदलावा लागला. मांजराची आवड आणि मालकाला जाणवलेली मांजराची आवड या दोन गोष्टी एक नाहीत, हे या दुरुस्तीतून उघड झाले.

मांजराच्या आहारविषयक गरजा

मांजर हा अनिवार्य मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा किंवा मनुष्य यांचे शरीर वनस्पतिजन्य पदार्थांपासून जी काही पोषक द्रव्ये स्वतः तयार करू शकते, ती मांजराला थेट प्राणिज अन्नातूनच मिळवावी लागतात. गाजरादी भाज्यांतील कॅरोटिनापासून मांजर ‘अ’ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ॲरॅकिडॉनिक आम्ल हे स्निग्धाम्ल आणि नायॅसिन हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्वही त्याला अन्नातून पुरेसे मिळावे लागते. आर्जिनिन या अमिनो आम्लाचा पूर्ण अभाव असलेले एकच जेवण दिल्यास रक्तातील अमोनिया काही तासांतच धोकादायक पातळीवर जातो.

टॉरिन या द्रव्याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. टॉरिनच्या अभावाने मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल नष्ट होते, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्यानंतरही अनेक मांजरे हृदयाचे स्नायू पातळ व शिथिल होण्याच्या विकाराने मरत राहिली. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा टॉरिनच्या कमतरतेशी असलेला संबंध दाखवून दिला. टॉरिन दिल्यावर आजारी मांजरांचे हृदय सुधारू लागले. यांतील अनेक मांजरे नामांकित तयार खाद्यावरच वाढलेली होती. डबाबंद खाद्यावरील उष्ण प्रक्रियेमुळे आतड्यातील जिवाणू अधिक टॉरिन नष्ट करतात, असे पुढे आढळले. म्हणूनच कोरड्या अंशाच्या हिशेबाने कोरड्या खाद्यात किमान ०.१० टक्के, तर डबाबंद खाद्यात किमान ०.२० टक्के टॉरिन असावे, असा अमेरिकी निकष आहे.

मांजराचे नैसर्गिक भक्ष्य असलेल्या उंदराच्या शरीरात सुमारे दोन-तृतीयांश किंवा त्याहून थोडे अधिक पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने व स्निग्ध पदार्थ मुख्य असून कर्बोदके नाममात्र असतात. एका लहान उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यामुळे शिकारीवर जगणारे मांजर दिवसरात्रीत अनेक वेळा थोडे थोडे खाते. एकाच वेळी वाटीभर अन्न संपवण्याची त्याची प्रकृती नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांना वेगवेगळ्या घटकांची खाद्ये मोकळेपणाने निवडू दिली गेली. तेव्हा त्यांनी ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ३६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि १२ टक्के कर्बोदकांतून घेतली.

चोखंदळपणाची कारणे

चव: गोड चवीच्या संवेदनेसाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निष्क्रिय झालेले आहे. फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिले. मांजराला गोडवा कळतच नाही. त्याच्या जिभेवरील रुचिकलिकाही माणसाच्या तुलनेत फार कमी असतात. मात्र मांसाची चव देणाऱ्या द्रव्यांबाबत त्याची जीभ तीक्ष्ण असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या चवीचे ग्राहक मांजरात कार्यरत आहेत. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आणि इनोसिन मोनोफॉस्फेट हे द्रव्य एकत्र आले की मांजरांना ते विशेष आवडते. ट्यूना माशात ही दोन्ही द्रव्ये भरपूर असतात. मांजरांना ट्यूनाची ओढ का असते, याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

गंध व तापमान: मांजर अन्न प्रथम हुंगून पारखते. शीतकपाटातून काढलेल्या थंड खाद्याचा गंध फारसा पसरत नाही. शरीराच्या तापमानाइतके, म्हणजे साधारण ३७ अंश सेल्सिअसपर्यंत कोमट केलेले खाद्य मांजरांना थंड खाद्यापेक्षा अधिक आवडते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ताज्या शिकारीचे तापमानही तेवढेच असते.

पोत: एकाच मांसापासून बनवलेला मऊ लगदा एखादे मांजर आवडीने खाते आणि त्याच मांसाचे रश्शातील तुकडे मात्र नाकारते. काही मांजरे रस्सा चाटून तुकडे तसेच ठेवतात. चव बदलण्याआधी पोत बदलून पाहणे बऱ्याचदा अधिक फलदायी ठरते.

बालपणातील सवय: दूध सोडण्याच्या वयात पिल्लू आईच्या तोंडचे अन्न पाहून खाणे शिकते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरींना केळी खाण्याची सवय लावण्यात आली. तेव्हा जवळच मांस उपलब्ध असूनही त्यांची पिल्ले आईप्रमाणे केळी खाऊ लागली. पहिल्या काही महिन्यांत एकाच चवीचे व एकाच पोताचे अन्न मिळालेले मांजर पुढे इतर पदार्थांना अन्न म्हणून ओळखतच नाही. प्रौढ वयातील पुष्कळसा हट्ट येथून येतो.

नवलाई व भीती: सुरक्षित वातावरणातील मांजर नेहमीच्या अन्नाला कंटाळून नवे अन्न आवडीने खाते. घर बदलणे, पाहुणे येणे, नवे मांजर येणे किंवा पशुवैद्यकाकडची फेरी अशा ताणाच्या प्रसंगी तेच मांजर नवे अन्न टाळते. नवे खाद्य चार दिवस आवडीने खाऊन पाचव्या दिवशी सोडून देण्यामागेही पुष्कळदा नवलाई ओसरणे हेच कारण असते.

शिकलेला तिटकारा: एखादे अन्न खाल्ल्यानंतर मळमळ झाली तर मांजर त्या चवीचा संबंध त्रासाशी जोडते आणि पुढे ते अन्न टाळते. नेहमीच्या खाद्यात कडू औषध मिसळल्यासही हाच परिणाम होऊ शकतो.

निर्मिती व प्रकार

मांस व अवयव दळून त्यांत पाणी, खनिजे, जीवनसत्त्वे आणि टॉरिन मिसळले जाते. मिश्रण डब्यात भरून डबा हवाबंद केला जातो आणि मग दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला जातो. बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेला कारणीभूत असणाऱ्या जिवाणूचे बीजाणू नष्ट करणे, हा या प्रक्रियेचा मुख्य हेतू असतो. यामुळे न उघडलेला डबा परिरक्षकांवाचूनही दीर्घकाळ टिकतो. मात्र उघडताक्षणी हे संरक्षण संपते.

बाजारात मिळणाऱ्या ओल्या खाद्याचे पोतानुसार पुढील प्रकार पडतात.

• लगदा: बारीक दळलेले, घट्ट व एकजीव मिश्रण. ‘पाते’ या फ्रेंच नावानेही ते ओळखले जाते. यात पिष्टाचे प्रमाण बहुधा कमी असते.
• फेसाळ मऊ लगदा: पिल्ले, वृद्ध आणि दातांचा त्रास असलेल्या मांजरांसाठी सोयीचा.
• ग्रेव्हीतील तुकडे: दाटपणासाठी यात पिष्ट किंवा गव्हातील ग्लुटेन वापरले जाते. दिसायला मांसाचे वाटणारे तुकडे पुष्कळदा दळलेले मांस पुन्हा आकार देऊन बनवलेले असतात.
• जेलीतील तुकडे: जेलीसाठी गवार डिंक, कॅरागीनन, अगार इत्यादींचा वापर होतो.
• मांसाचे धागे किंवा पाकळ्या: मूळ मांसाचे तंतू यात दिसतात.
• सूप व चाटण्याची मलई: हे प्रकार बहुधा पूरक असून पूर्ण जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत.

थायलंड हा मांजरांच्या ओल्या खाद्याचा जगातील एक प्रमुख निर्यातदार देश आहे. तेथील ट्यूना डबाबंद करण्याच्या उद्योगात माणसांसाठीच्या डब्यांतून वगळलेले गडद रंगाचे मांस या खाद्यासाठी वापरले जाते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक पाकिटांवरही उत्पादक देश म्हणून थायलंडचे नाव आढळते.

गुणवत्तेची पारख

पाकिटावरील छायाचित्र, रंग किंवा किंमत यांवरून गुणवत्तेचा अंदाज येत नाही. वेष्टनावरील पुढील बाबी अधिक महत्त्वाच्या आहेत.

परिपूर्ण की पूरक: ‘संपूर्ण व संतुलित’ असा उल्लेख असलेले खाद्य एकमेव आहार म्हणून देता येते. ‘पूरक’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ असा उल्लेख असल्यास त्यात आवश्यक जीवनसत्त्वे व खनिजे पुरेशी असतीलच असे नाही. केवळ ट्यूना आणि पाणी, किंवा चिकनचे धागे आणि सूप अशी घटकांची छोटी यादी असलेली पाकिटे आकर्षक वाटतात. परंतु त्यांतील पुष्कळशी पूरक असतात. चोखंदळ मांजराच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. मांजर तेवढेच खाते म्हणून रोज तेच दिले जाते आणि आहारातील उणीव महिनोन्महिने नजरेस येत नाही.

वयोगट: पिल्ले, गाभण व दूध पाजणाऱ्या मांजरी आणि प्रौढ मांजरे यांच्या गरजा वेगवेगळ्या असतात. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या ‘आफ्को’ या संघटनेच्या निकषानुसार कोरड्या अंशाच्या हिशेबाने प्रौढांच्या खाद्यात किमान २६ टक्के, तर वाढत्या वयातील पिल्लांच्या खाद्यात किमान ३० टक्के प्रथिने असावी लागतात. युरोपात ‘फेडियाफ’ या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे वापरली जातात.

नावातील शब्द: अमेरिकी नियमांनुसार ‘ट्यूना कॅट फूड’ अशा नावाच्या खाद्यात नमूद घटक, मिसळलेले पाणी वगळता, किमान ९५ टक्के असावा लागतो. ‘ट्यूना डिनर’ अशा नावासाठी हे प्रमाण किमान २५ टक्के आहे. ‘ट्यूनासह’ असे म्हटल्यास ३ टक्के पुरतात, आणि केवळ ‘ट्यूनाचा स्वाद’ असे म्हटल्यास तो स्वाद जाणवण्याजोगा असणे एवढेच आवश्यक असते. नावातील एका शब्दाने डब्यातील पदार्थ किती बदलतो, हे यावरून ध्यानात येते.

कोरड्या अंशाचा हिशेब: ओल्या व कोरड्या खाद्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण त्यांतील पाण्याचे प्रमाण भिन्न असते. समजा, एका ओल्या खाद्यात ८० टक्के पाणी व १० टक्के प्रथिने आहेत. पाणी वगळता २० भाग उरतात आणि त्यांपैकी १० भाग प्रथिने असल्याने कोरड्या अंशात प्रथिने ५० टक्के भरतात. कोरड्या खाद्यात ८ टक्के पाणी व ३२ टक्के प्रथिने असतील तर ३२ भागिले ९२ या हिशेबाने ती सुमारे ३५ टक्के होतात. वेष्टनावर १० हा आकडा ३२ पेक्षा लहान दिसत असला तरी पहिल्या खाद्यात प्रथिनांचा वाटा अधिक आहे. वेष्टनावर कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतो. १०० मधून प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, राख व पाणी यांच्या टक्केवारीची बेरीज वजा केल्यास त्यांचा अंदाज येतो.

उत्पादक: लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने ग्राहकांसाठी काही प्रश्न सुचवले आहेत. खाद्याचे सूत्र कोण ठरवते व त्या व्यक्तीची पात्रता काय, निर्मिती कोठे होते, गुणवत्तेची तपासणी कशी केली जाते, आणि एका पाकिटात किती कॅलरी आहेत, असे ते प्रश्न आहेत. अशा तपासणीचे महत्त्व २००७ साली उत्तर अमेरिकेत प्रकर्षाने जाणवले. चीनमधून आयात केलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलॅमिनची भेसळ झाली होती आणि त्यामुळे अनेक मांजरे व कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावली. त्या प्रकरणात ओल्या खाद्याचे कोट्यवधी डबे व पाकिटे बाजारातून परत घेण्यात आली. एकाच कारखान्यात अनेक नाममुद्रांचे खाद्य बनत असल्याने स्वस्त आणि महाग, दोन्ही प्रकारची खाद्ये त्यात सापडली.

काही प्रचलित समजुतींना मात्र फारसा आधार नाही. ‘उपपदार्थ’ म्हणजे टाकाऊ माल असे मानले जाते. प्रत्यक्षात यकृत, हृदय, फुप्फुस इत्यादी अवयव मांजराच्या नैसर्गिक भक्ष्याचाच भाग असून पोषक असतात. ‘धान्यविरहित’ या शब्दाचा अर्थ कर्बोदकविरहित असा होत नाही, कारण धान्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा वापरलेला असू शकतो.

नव्या खाद्याची सवय लावणे

खाद्य एकदम न बदलता सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळत प्रमाण वाढवले जाते. अतिशय चोखंदळ मांजर मिसळलेले सगळेच अन्न नाकारण्याची शक्यता असते. अशा वेळी जुने खाद्य नेहमीप्रमाणे देऊन शेजारी दुसऱ्या वाटीत चमचाभर नवे ठेवणे अधिक सुरक्षित असते. काही दिवस ते नुसते हुंगले गेले तरी गंधाची ओळख होते.

याबरोबरच पुढील उपाय उपयुक्त ठरतात.

• शीतकपाटातील खाद्य वाटीत काढून, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करणे.
• दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे देणे, आणि न खाल्लेले वेळेवर उचलून घेणे.
• खाद्याची वाटी मलमूत्राच्या पेटीपासून दूर व शांत जागी ठेवणे. घरात अनेक मांजरे असल्यास प्रत्येकाला दुसऱ्याच्या नजरेआड जेवू देणे.
• एकाच बैठकीत एकामागून एक पाकिटे उघडून न दाखवणे. नाकारले की अधिक चवदार वस्तू मिळते, हे मांजर लवकर शिकते.
• खाऊचे प्रमाण दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवणे.
• पिल्लांना आरंभापासून दोन-तीन चवींची व पोतांची ओळख करून देणे. पुढे एखादे खाद्य मिळेनासे झाले किंवा पथ्याचे खाद्य द्यावे लागले तर याचा मोठा उपयोग होतो.

खोल वाटीत मिशा घासल्या गेल्यामुळे मांजरे खात नाहीत, असा समज पसरलेला आहे. पसरट व नेहमीची अशा दोन्ही भांड्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात खाण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि एखाद्या मांजराला पसरट बशी आवडत असल्यास ती देण्यात काहीच हानी नाही.

अन्न नाकारणे व आजार

‘भूक लागली की आपोआप खाईल’ हा विचार मांजराच्या बाबतीत घातक ठरू शकतो. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी मोठ्या प्रमाणावर यकृताकडे येते. मांजराचे यकृत हा भार पेलू शकत नाही आणि त्यात चरबी साचून त्याचे कार्य ढासळते. काही मांजरांत अवघ्या दोन-तीन दिवसांच्या उपासानंतरही हा विकार सुरू होऊ शकतो. स्थूल मांजरांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या किंवा कानांची आतील त्वचा पिवळी दिसणे, लाळ गळणे, उलट्या आणि मरगळ ही त्याची लक्षणे होत. वेळेत उपचार झाले तर, प्रसंगी नळीद्वारे अन्न देऊन, अनेक मांजरे बरी होतात. उपचारांअभावी मात्र बहुधा मृत्यू ओढवतो. त्यामुळे एखादे खाद्य स्वीकारावे म्हणून मांजराला उपाशी ठेवण्याची पद्धत पूर्णतः अयोग्य मानली जाते.

चोखंदळ मांजर एक अन्न नाकारते, परंतु दुसरे आवडीने खाते. त्याचे वजन, हालचाल आणि स्वच्छतेच्या सवयी बदलत नाहीत. आजारी मांजर नेहमीचे आवडते अन्नही सोडते. वाटीजवळ येऊन हुंगणे, ओठ चाटणे आणि मागे सरणे हे पुष्कळदा मळमळीचे चिन्ह असते. तोंडाच्या एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे किंवा तोंडाला दुर्गंधी येणे हे दात व हिरड्यांच्या विकाराकडे निर्देश करते. सर्दीने नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही म्हणून ते खात नाही. उतारवयातील मांजरात मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने भूक मंदावते. जन्मभर सर्व काही खाणारे मांजर उतारवयात अचानक ‘चोखंदळ’ झाले, तर ती खोड न समजता आजाराची शक्यता प्रथम तपासावी लागते.

प्रौढ मांजराने २४ तास काहीही खाल्ले नाही तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पिल्लांच्या बाबतीत याहून कमी वेळातच मदत घ्यावी लागते. नर मांजर वारंवार मूत्रपेटीत बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग अडल्याची शक्यता असते. ती तातडीची वैद्यकीय अवस्था होय. आठवड्याला एकदा वजन करून नोंद ठेवल्यास हळूहळू घटणारे वजन लवकर लक्षात येते.

फायदे व मर्यादा

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील असल्याने त्याला तहानेची जाणीव मंद असते आणि ते कोरड्या खाद्याबरोबर पुरेसे पाणी पिईलच असे नाही. ८० टक्के पाणी असलेल्या ८५ ग्रॅमच्या तीन पाकिटांतून सुमारे २०० ग्रॅम पाणी आपोआप मिळते. त्यामुळे लघवी पातळ राहते. मूत्राशयाचे विकार, मूतखडे आणि मूत्रपिंडाचे आजार असलेल्या मांजरांना ओले खाद्य यासाठीच सुचवले जाते. कर्बोदके कमी असलेले ओले खाद्य मधुमेही मांजरांनाही उपयुक्त ठरते. त्यात वजनाच्या मानाने कॅलरी कमी असल्याने स्थूलता आटोक्यात ठेवण्यासही मदत होते.

मर्यादाही आहेत. ४ किलो वजनाच्या घरातील प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. ८५ ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ६० ते १०० किलोकॅलरी असतात. म्हणजे केवळ ओल्या खाद्यावर मांजर ठेवायचे तर रोज तीन किंवा अधिक पाकिटे लागतात आणि खर्च वाढतो. यासाठी अनेक जण सकाळ-संध्याकाळ ओले आणि मध्ये थोडे मोजून कोरडे खाद्य देतात. दोन्ही खाद्ये परिपूर्ण असतील तर ही पद्धत योग्य आहे. उघडलेले खाद्य झाकून शीतकपाटात ठेवावे लागते व दोन-तीन दिवसांत संपवावे लागते. वाटीतील खाद्य उष्ण हवेत एक-दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवणे योग्य नाही. डबाबंद खाद्य आणि वृद्ध मांजरांतील थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता यांच्यात काही पाहण्यांत संबंध दिसला आहे. तथापि त्याचे कारण निश्चितपणे सिद्ध झालेले नाही.

महाराष्ट्रातील आहारपद्धती

महाराष्ट्रात मांजराला दूध-भात, दूध-पोळी किंवा मासळीची डोकी व काटे घालण्याची परंपरा आहे. मांजर आणि दूध यांची जोडी म्हणींतही रुजलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा नीट पचत नाही आणि त्यांना जुलाब होऊ शकतात. दूध-भातात प्रथिने अपुरी असतात व टॉरिन जवळजवळ नसते. अंगणात, शेतात किंवा गोठ्यात वावरणारे मांजर उंदीर, पाली व पाखरे मारून ही उणीव भरून काढीत असे. शहरातील सदनिकेत बंद असलेल्या मांजराला ती सोय नसते, म्हणून त्याचा आहार सर्वस्वी माणसाच्या हाती असतो.

किनारपट्टीवर सहज मिळणाऱ्या मासळीबाबतही काळजी आवश्यक असते. काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. असे मासे सतत खाल्ल्याने मांजराला मज्जासंस्थेचा विकार जडतो. केवळ तेलकट माशांवर ठेवलेल्या मांजरात ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अभावी शरीरातील चरबीला वेदनादायक सूज येते. सुके बोंबील व सुका जवळा यांत मीठ फार असते. कालवणातील कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. म्हणून मसाल्याचे कालवण थोडेसेही देऊ नये.

उकडलेले चिकन हा घरोघरी केला जाणारा सोपा उपाय आहे. आजारातून उठलेल्या मांजराला ते एक-दोन दिवस देता येते. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी व फॉस्फरस अधिक असल्याने तो कायमचा आहार होऊ शकत नाही. घरी करण्याच्या मांजरखाद्याच्या शंभराहून अधिक प्रकाशित पाककृतींचा आढावा घेणाऱ्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सर्व पोषक द्रव्ये पुरेशा प्रमाणात देणारी एकही पाककृती आढळली नाही. घरचेच अन्न द्यायचे असल्यास त्याचे सूत्र आहारतज्ज्ञ पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे लागते. ज्या घरांत मांस शिजवले जात नाही, तेथे बंद पाकिटातील ओले खाद्य ही सोयीची तडजोड ठरते.

राज्यातील मोठ्या शहरांत पशुवैद्यकीय सल्ला सहज उपलब्ध आहे. मुंबईत परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी निगडित बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय या तेथील जुन्या संस्था आहेत. मांजराला सल्ल्यासाठी नेताना ते नेहमी खात असलेल्या खाद्याचे रिकामे पाकीट, रोज दिले जाणारे प्रमाण आणि शेवटचे कधी खाल्ले याची नोंद बरोबर नेल्यास निदानास मदत होते.